संगणकाचे घड्याळ मागे का पडते?

व्यापाऱ्याच्या पेढीवर रकमेला जेवढे महत्त्व असते तेवढेच तारखेलाही असते. कीर्दीच्या पानावर तारीख नसेल तर ते पान कीर्दीचे राहत नाही, आणि पावतीवरची तारीख चुकीची असेल तर ती पावती हाती असूनही नसल्यासारखीच. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, बेळगावच्या उद्यमबागेतील कारखाने, आसपासच्या खेड्यांतील पतसंस्था आणि दूध संस्था या सर्व ठिकाणी तारीख-वेळ घालण्याचे काम पूर्वी कारकुनाची लेखणी करीत असे. आता ते संगणक करतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जे चिमुकले घड्याळ दिसते, त्याकडे पाहून तो बिलावर तारीख घालतो, फाईल केव्हा बदलली याची नोंद ठेवतो आणि सहीवर वेळेचा शिक्का मारतो. हे घड्याळच मागे पडू लागले तर नोंद करणारा प्रामाणिक असूनही नोंद खोटी होते.

असा अनुभव अनेकांना येतो. संध्याकाळी दुकान बंद करताना घड्याळ बरोबर असते आणि सकाळी उघडावे तो ते तासन् तास मागे. कारकून काटा फिरवावा तशी वेळ पुन्हा पुढे सारतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही दिवसांनी मात्र नुसती वेळच नव्हे, तर वर्षही मागे जाते. बँकेचे पान उघडत नाही, कराचे संकेतस्थळ सुरक्षित नसल्याचा इशारा देते, आणि सारा दोष इंटरनेटवर टाकला जातो. वस्तुतः दोष पेटीच्या आत, रुपयाच्या नाण्याएवढ्या एका वस्तूत असण्याचा संभव अधिक. तो कसा ओळखावा आणि केव्हा तो तेथे नसतो, हे समजण्यासाठी प्रथम संगणकाला वेळ कशी कळते ते पाहिले पाहिजे.

संगणकात घड्याळ एक नसते, दोन असतात. पहिले घड्याळ मदरबोर्डवर बसवलेले असते. संगणक बंद असला तरी ते चालू राहते. दुसरे घड्याळ संगणक सुरू असतानाच अस्तित्वात असते. ते विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली स्वतः चालवते. वाड्याच्या दारावर रात्रभर जागणारा रखवालदार आणि सकाळी कामावर येणारा कारकून अशी ही जोडी आहे. सकाळी कारकून येतो, रखवालदाराला ‘किती वाजले?’ असे एकदा विचारतो, आणि मग दिवसभर आपल्याच हिशेबाने वेळ मोजत राहतो. रखवालदाराला रात्री डुलकी लागली असेल तर सकाळी त्याचे उत्तर चुकते, आणि कारकुनाचा सारा दिवस त्या चुकीवर उभा राहतो. म्हणून घड्याळ मागे पडले की पहिला प्रश्न असा विचारावा : चूक रखवालदाराची की कारकुनाची? वेळ हरवते ती संगणक बंद असताना की चालू असताना?

रखवालदार वेळ मोजतो तो स्फटिकाच्या कंपनावरून. गारगोटीच्या जातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाला दाब दिला की त्यावर विजेचा भार उत्पन्न होतो, हा शोध फ्रान्समध्ये क्यूरी बंधूंनी १८८० साली लावला. उलट, त्याला वीज दिली तर तो थरथरतो. चिमट्याच्या आकारात कापलेला क्वार्ट्झचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल अशा बेताने घडवलेला असतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिला निम्मे करावे, पुन्हा निम्मे करावे, असे १५ वेळा केले की बरोबर एक उरतो. आणि निम्मे करणे हे विजेच्या मंडलाला सर्वांत सोपे काम. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक व हीच संख्या असते.

हा स्फटिक अगदी निर्दोष नसतो. साध्या स्फटिकात दहा लाख कंपनांमागे सुमारे वीस कंपनांची चूक चालवून घेतली जाते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ही चूक दिवसाला पावणेदोन सेकंदांची, महिन्याला मिनिटाच्या आतबाहेर होते. तपमानाचाही त्यावर परिणाम होतो. सुमारे २५ अंश सेल्सिअसला तो ठरल्या गतीने चालतो. त्याहून थंडी वाढो वा उष्मा वाढो, दोन्ही वेळा तो किंचित मागेच पडतो. पेटीच्या आतील हवा ४५ अंशांवर गेली तर ही घट दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास येते. बेळगावच्या थंडीत, पारा १५ अंशांवर उतरला तरी, ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी नसते. हा हिशेब पक्का ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण तोच पुढच्या परीक्षेची कसोटी ठरतो. महिन्याला मिनिटभर मागे पडणारे घड्याळ आजारी नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. परंतु दिवसाला पाच मिनिटे मागे पडणारे घड्याळ या स्वाभाविक चुकीच्या दीडशेपटीहून अधिक चुकते. त्याचा ठपका हवेवर किंवा स्फटिकाच्या घडणीवर ठेवता येणार नाही. त्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

परीक्षेला खर्च काही नाही. संध्याकाळी मोबाईलवरची वेळ पाहून संगणकाचे घड्याळ जुळवावे, इंटरनेटची तार काढून ठेवावी, संगणक नेहमीप्रमाणे बंद करावा आणि वेळ कागदावर टिपावी. सकाळी तो सुरू होताच, इंटरनेट जोडण्यापूर्वी, पुन्हा दोन्ही वेळा टिपाव्यात. मग दिवसभर संगणक चालू ठेवून संध्याकाळी तिसऱ्यांदा टिपाव्यात. रात्रीत मोठा फरक पडला आणि दिवसात पडला नाही, तर दोष रखवालदाराचा. दिवसात पडला आणि रात्रीत नाही, तर कारकुनाचा. आणि फरक कधीच वाढत नाही, तो नेमका अर्ध्या तासाचा किंवा साडेपाच तासांचाच राहतो, असे आढळले तर घड्याळाचा दोषच नाही; तो वेळेच्या पट्ट्याचा घोटाळा आहे.

रात्रीचा दोष बहुधा सेलचा असतो. मदरबोर्डवर नाण्यासारखा चपटा लिथियम सेल असतो. दुकानात तो ‘सीमॉस बॅटरी’ म्हणून मागतात. त्याच्यावर सीआर २०३२ असा आकडा असतो, आणि तो आकडाच त्याचे माप सांगतो : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा दाब तीन व्होल्ट. त्यात सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास एवढा साठा असतो. घड्याळाला पाच मायक्रोअँपिअर लागतात असे धरले तर हा साठा ४५,००० तास, म्हणजे पाच वर्षांहून थोडा अधिक पुरेल.

परंतु येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. संगणक बंद केला तरी त्याचा प्लग भिंतीत असेल आणि बटन चालू असेल, तर पेटीतला वीजपुरवठा थोडी वीज बोर्डाला देत राहतो, आणि घड्याळ त्या विजेवर चालते. सेल तेव्हा जवळजवळ विश्रांतीच घेत असतो. सीमाभागातील दुकानदाराची रीत मात्र निराळी. दुकान बंद करताना तो भिंतीवरचे मुख्य बटनच खाली करतो. विजेचा भरवसा नाही, पावसाळ्यात विजा कडाडतात, शॉर्टसर्किटची धास्ती असते. ही काळजी योग्यच होय. पण तिचा अर्थ असा की रात्रीचे बारा-चौदा तास, रविवारचा दिवस आणि दिवाळीची सुटी, एवढा सर्व काळ घड्याळ सेलवर जगते. एकाच दिवशी घेतलेल्या दोन संगणकांपैकी अहोरात्र वीज असलेल्या कचेरीतला सेल टिकतो आणि वखारीतला आधी संपतो, याचे कारण हे आहे. बटन बंद करण्याची सवय सोडण्याचे कारण नाही; सेल ठराविक मुदतीने बदलण्याची सवय मात्र तिच्या जोडीला लावली पाहिजे.

सेल दुबळा झाला म्हणजे घड्याळ हळू चालते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. बैल थकला की चाल मंदावते, तसे स्फटिकाचे होत नाही. पुरेसा दाब असेपर्यंत तो आपल्या गतीने थरथरतो. दाब अपुरा पडला की थांबतो. म्हणूनच रात्री नऊला बंद केलेला संगणक सकाळी नऊला उघडल्यावर रात्रीचे दहा वाजल्याचे दाखवतो. घड्याळ संथ चालले नाही; ते काही वेळ चालून मग थांबले. ही पहिली अवस्था. दुसऱ्या अवस्थेत त्याच सेलवर जपलेली स्मृतीही पुसली जाते आणि तारीख बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याने ठरवलेल्या एखाद्या जुन्या सालच्या १ जानेवारीवर जाऊन पडते. सुरुवातीलाच ‘सीमॉस चेकसम एरर’ अशी ओळ पडद्यावर येते. पहिल्या अवस्थेतच सेल बदलणारा माणूस दुसऱ्या अवस्थेचा त्रास वाचवतो.

सेल बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे. तथापि त्याला क्रम आहे. प्रथम बायोसमधील मांडणीची, विशेषतः संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू होतो आणि डिस्कची पद्धत कोणती, याची नोंद करावी किंवा मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची पुनर्प्राप्तीची किल्ली आधी हाती असू द्यावी. ती नसता केलेले छोटे काम मोठे होऊन बसते. नंतर संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटन बंद करून भागत नाही. पेटी उघडून तिच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. सेलच्या कडेची खिट्टी नखाने हळूच दाबली की तो वर उसळतो. अधिकाची खूण असलेली बाजू वर ठेवून नवा सेल बसवावा. मल्टिमीटर असेल तर जुन्या सेलचा दाब पाहावा. नवा सेल तीन व्होल्टच्या वर दाखवतो, आणि जुना पावणेतीनच्या खाली गेला असेल तर निदान पक्के झाले.

काढलेला सेल टेबलावर टाकून ठेवू नये, ही सूचना घड्याळाहूनही महत्त्वाची आहे. घराघरांत, दुकानाच्या मागच्या खोलीत लहान मुले वावरतात. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तेथील आवरण जळू लागते. वापरून संपलेल्या सेलमध्येही हे घडवण्याइतकी शक्ती उरलेली असते. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती न येईल असा ठेवावा.

नवा सेल घालूनही रात्री वेळ हरवत असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. एक, दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला सेल नवा म्हणून विकला गेला आहे काय? दोन, सेलच्या खालचा संपर्क धुळीने किंवा गंजाने माखला आहे काय? तंबाखूच्या वखारीतली बारीक धूळ आणि पावसाळ्याचा ओलावा एकत्र आले की बोर्डावर पातळ थर बसतो. तीन, सेटिंग पुसण्यासाठी बोर्डावर जी छोटी टोपी असते, ती पूर्वीच्या दुरुस्तीत चुकीच्या जागी राहिली आहे काय? तिन्ही ठीक असून नवा सेल महिन्या-दोन महिन्यांतच रिकामा होत असेल तर बोर्डातच वीज झिरपते आहे असे समजावे आणि कारागिराला दाखवावे.

आता दिवसाचा दोष. संगणक चालू असताना मागे पडणारे घड्याळ सेल बदलून सुधारत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे; तेथे सेलचा संबंधच येत नाही. अशा वेळी संगणक मधूनमधून झोपेच्या अवस्थेत जातो काय आणि जागा होताना वेळ नीट उचलत नाही काय, हे पाहावे. एका संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक चालवण्याची सोय असते. त्यातले घड्याळ कामाच्या गर्दीत मागे राहू शकते. पतसंस्थेत किंवा कारखान्यात अनेक संगणक एका मुख्य संगणकाला जोडलेले असतात, आणि ते आपली वेळ त्याच्याकडून घेतात. तेथे एका टेबलावरचे घड्याळ कितीही वेळा सुधारले तरी ते पुन्हा चुकते, कारण चूक वरून येते. मुख्य संगणक आणि टेबलावरचा संगणक यांच्यात पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले तर विंडोजच्या जाळ्यात प्रवेशच नाकारला जाऊ शकतो.

तिसरा प्रकार वेळेच्या पट्ट्याचा, आणि तो समजण्यास थोडा इतिहास उपयोगी पडतो. बेळगाव पूर्व रेखांश ७४ अंश ३० मिनिटांच्या आसपास आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांवरून धरतात. मधले अंतर आठ अंशांचे, आणि दर अंशाला चार मिनिटे; म्हणून बेळगावच्या डोक्यावर सूर्य प्रमाणवेळेच्या हिशेबापेक्षा सरासरी ३२ मिनिटे उशिरा येतो. पूर्वी मुंबईची वेळ निराळी होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरात सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला; राज्य बदलले, पण घड्याळ बदलले नाही. कागलच्या नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच वेळ आहे. संगणकाला मात्र ती कोणत्या पट्ट्यात आहे हे सांगावे लागते. यादीतून ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हा पर्याय निवडण्याऐवजी चुकून कराचीचा निवडला गेला तर घड्याळ कायम अर्धा तास मागे राहील. काठमांडूचा निवडला तर पाव तास पुढे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गोंधळ होतो. लिनक्स रखवालदाराला ग्रिनिचच्या हिशेबाची जागतिक वेळ सांगून ठेवते, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. म्हणून विंडोज साडेपाच तास मागे दिसते. दोघांना एकाच पद्धतीने वेळ वाचण्यास सांगणे, एवढाच त्यावर उपाय.

पूर्वी आकाशवाणीवर बातम्यांपूर्वी होणारे ठोके ऐकून माणसे मनगटावरची घड्याळे जुळवीत. आज संगणक तेच काम इंटरनेटवरून करतो. देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तेथील घड्याळे स्फटिकावर नव्हे, अणूवर चालतात; सीझियमच्या अणूशी निगडित असलेली ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, अशी सेकंदाची व्याख्या १९६७ साली ठरली. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते ती अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी सिद्ध केली; तिचा पहिला मसुदा १९८५ चा. तिच्यातली युक्ती सुंदर आहे. संगणक प्रश्न पाठवल्याची आणि उत्तर मिळाल्याची वेळ टिपतो. पलीकडचा संगणक प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ टिपतो. या चार नोंदींवरून वाटेत गेलेला वेळ वजा होतो आणि खरा फरक तेवढा उरतो.

या सोयीत एक तोटाही दडलेला आहे. सेल संपलेला असला तरी रोज सकाळी इंटरनेट घड्याळ सुधारते, आणि आजार दिसतच नाही. मग एखाद्या पावसाळी आठवड्यात जोडणी तुटते आणि सारी बिले जुन्या वर्षाच्या तारखेने निघतात. शिवाय चूक फार मोठी असेल तर ही सोय स्वतःच हात आखडते. विंडोजची नेहमीची मांडणी पंधरा तासांहून अधिक फरक आपोआप सुधारत नाही, कारण एवढी मोठी दुरुस्ती सुचवणाऱ्यावर तिचा विश्वास बसत नाही. सुरक्षित संकेतस्थळांचेही असेच. त्यांच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अंताची तारीख असते. घड्याळ वर्षभर मागे असेल तर आजचे खरे प्रमाणपत्र त्याला ‘अद्याप सुरू न झालेले’ वाटते आणि ते दार बंद करते. म्हणून तारीख पार कोसळली असेल तेव्हा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ नये. प्रथम तारीख, साल आणि पट्टा हाताने ठीक करावा, आणि मगच इंटरनेटवरून वेळ जुळवावी.

हे सर्व करण्याचे कारण केवळ पडद्याची शोभा नव्हे. संगणकावर केलेल्या डिजिटल सहीवर वेगळा वेळशिक्का नसेल तर बहुधा त्याच संगणकाची वेळ उमटते. ३१ मार्चनंतरचे बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसले तर दोन वर्षांचे हिशेब बिघडतात. वखारीच्या दारावरच्या कॅमेऱ्याची नोंद तासभर मागे असेल तर चोरीच्या तपासात ती निरपराध माणसाकडे बोट दाखवू शकते. अशा प्रसंगी ‘घड्याळ मागे होते’ हे सांगणे सोपे असते, सिद्ध करणे कठीण. म्हणून घड्याळ दुरुस्त झाल्यावरही, ते कोणत्या दिवशी, किती मागे आढळले आणि केव्हा सुधारले, ही ओळ कीर्दीत लिहून ठेवावी. आणि मधल्या काळातील बिलांवर नजर फिरवावी.

रोज सकाळी वेळ पुढे सारणारा कारकून घड्याळ दुरुस्त करीत नाही, तो फक्त चूक झाकतो. ती चूक रात्रीची की दिवसाची, वाढणारी की ठरलेली, एवढे दोन प्रश्न त्याने विचारले तर उत्तर बहुधा त्याच दिवशी सापडते आणि उपाय थोडक्या रुपयांत होतो. नाण्याएवढा सेल वेळेवर बदलणे हे लहान काम खरे. परंतु वहीतली तारीख खरी राहते ती अशाच लहान कामांनी.